अर्ध्या हळकुंडाने पिवळं होण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरातल्या एका ताईंच्या आई ६४ वर्षांच्या आहेत आणि त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून रक्ताची गाठ होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे, शिवाय शुगरच्या गोळ्या. धाकट्या भावाने बंगळुरूहून कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीच्या अर्काच्या, कॅप्सूलची बाटली पाठवली आहे. तिच्यावर ‘२००० टक्के अधिक शोषण’ असं ठळक छापलंय. इतकं शोषण खरंच होतं का, आईंना द्याव्यात का, आणि त्यापेक्षा घरच्या हळद-दुधात मिरपूड टाकली तर काम भागेल का?

ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं. दोन पानं वाचून शेवटी ‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच हाती लागलं की माणूस वैतागतो. आईंना या कॅप्सूल सध्या सुरू करू नका. स्टेंट आणि त्यासोबतच्या दोन गोळ्या, एवढं कारण पुरेसं आहे. आमटी-भाजीतली हळद आणि रात्रीचं हळद-दूध खुशाल चालू ठेवा. बाटलीवरचे २००० टक्के खोटे नाहीत, पण भावाला वाटला तो त्यांचा अर्थ नाही.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. सोलापूरच्या पूर्व भागात औषधाचं दुकान चालवतोय त्याला २७ वर्षं झाली. यंत्रमागावर उभं राहून गुडघे गेलेले आणि मांडी घालून विड्या वळताना गुडघे गेलेल्या, असे कितीतरी जण काउंटरपलीकडे पाहिलेत. पूर्वी ते म्हणायचे, “अण्णा, दुखायची गोळी द्या की.” आता नातवाचा मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, “ही हळदीची कॅप्सूल हाय का बघा ओ.” पेनकिलरने पोट जळतं, किडनीची भीती वाटते, आणि हळद तर आपल्या फोडणीतली. तिची भीती कशाला वाटेल? नेमकं इथंच गणित चुकतं.

हळदीचा पिवळा रंग ज्यामुळे येतो त्या द्रव्यांना कर्क्युमिनॉइड म्हणतात. ती तीन असतात आणि त्यातलं मुख्य कर्क्युमिन. हळकुंडात त्यांचं प्रमाण साधारण २ ते ५ टक्के. मेघालयाच्या लाकाडोंग हळदीत ते ७ टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणून तिला भाव. आपल्याकडच्या पिशवीत सरासरी ३ टक्के धरू. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे सुमारे ३ ग्रॅम हळद, म्हणजे जेमतेम ९० मिलिग्रॅम कर्क्युमिन. दिवसभराच्या स्वयंपाकातून एका माणसाच्या पोटात सहसा याहून कमीच हळद जाते. आता कॅप्सूल बघा. ५०० मिलिग्रॅम अर्क आणि त्यात ९५ टक्के कर्क्युमिनॉइड असतील तर एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम झाले. तेवढे हळदीतून मिळवायचे तर पाच चमचे हळद फाकावी लागेल. म्हणजे कॅप्सूल ही ‘थोडी जास्त हळद’ नव्हे. हळदीतला एक अंश वेगळा काढून, पिळून, एकवटून भरलेली ती वस्तू आहे.

पण एवढं गिळलं तरी रक्तात काय पोचतं? खरी गोष्ट पुढेच आहे.

तीन अडथळे असतात. पहिला तुम्ही रोज बघता. पाण्यात हळद टाका, ढवळा, दहा मिनिटांनी तळाशी गाळ दिसेल. तीच हळद गरम तेलात टाका, तेल लगेच पिवळंजर्द. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं, आणि आतड्यातला मामला मुख्यतः पाण्याचा. दुसरा अडथळा धुण्याच्या दगडावर दिसतो. पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली आणि साबण लावला की डाग लाल होतो. हळदीत चुना कालवला की कुंकवाचा रंग येतो, तीच गंमत. साबणासारख्या अल्कलीत कर्क्युमिन रंग बदलतं आणि लवकर मोडतं. त्यासाठी साबणाइतकी तीव्र अल्कली लागत नाही. शरीराच्या तापमानाला, रक्तासारख्या किंचित अल्कली पाण्यात ठेवलेलं कर्क्युमिन अर्ध्या तासात बहुतेक संपतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. (त्याच शर्टावरचा डाग आपल्या सोलापूरच्या उन्हात टाकला की उडून जातो, कारण प्रकाशही त्याला सोसत नाही. सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीखालच्या अंधाऱ्या पेवांत साठवायचे, ते काही उगाच नव्हे. तुम्हीही हळदीची बरणी खिडकीत ठेवू नका.)

तिसरा अडथळा सगळ्यात मोठा. जे थोडं आतड्याच्या भिंतीत शिरतं, त्याला ती भिंत आणि नंतर यकृत लगेच पकडतात. त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल नावाचं साखरेच्या घरातलं एक शेपूट जोडतात आणि पित्त-लघवीतून बाहेर घालवण्यालायक करतात. १९७८ मध्ये उंदरांवर झालेल्या एका जुन्या प्रयोगात तोंडावाटे दिलेल्या कर्क्युमिनपैकी सुमारे ७५ टक्के विष्ठेतून बाहेर पडलेलं आढळलं. परका रेणू आला की त्याला दार दाखवायचं, हे यकृताचं कामच आहे. कर्क्युमिन तिथं नको असलेल्या पाहुण्यासारखं वागवलं जातं.

आता तुमचे २००० टक्के. हा आकडा १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये झालेल्या अभ्यासातून आला. निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं. रक्तात ते जवळजवळ सापडलंच नाही, कमाल पातळी मिलिलिटरला ०.००६ मायक्रोग्रॅम. मग त्याच मात्रेसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं. पायपरिन म्हणजे काळ्या मिरीचा तिखटपणा ज्यात असतो ते द्रव्य. पातळी पाऊण तासात ०.१८ वर गेली आणि थोड्याच वेळात पुन्हा उतरली. एकूण हिशेबात वीसपट, म्हणजेच २००० टक्के. उंदरांमध्ये हीच वाढ १५४ टक्के होती, पण ती बाटलीवर कुणी छापत नाही.

हे सोलापूरकराला समजवायला उजनीपेक्षा चांगलं उदाहरण नाही. धरणात उपयुक्त साठा अर्धा टक्का होता आणि तो १० टक्के झाला, तर पेपरवाला ‘उजनीत वीसपट पाणी’ असं छापू शकतो. खोटं नाही. पण कालव्याला पाणी सुटणार का, हे विचारायला गेलात तर अधिकारी हसतील. वीसपट हा आकडा कशाच्या वीसपट, हे कळल्याशिवाय निरर्थक असतो. इथं तो ‘जवळजवळ काहीच नाही’च्या वीसपट आहे.

आणखी एक गोम आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. रक्तातलं कर्क्युमिन मोजताना बरेच अभ्यास आधी रक्ताच्या नमुन्यावर एंझाइम टाकून ती शेपटं तोडतात आणि मग ‘एकूण कर्क्युमिन’ मोजतात. शेपूटवाला रेणू म्हणजे शरीराने निकालात काढलेला माल. त्यालाही मोकळ्या कर्क्युमिनच्या रांगेत उभं केलं की आलेख भराभर वर चढतो. लेसिथिन या स्निग्ध द्रव्यात गुंडाळलेलं, हळदीच्याच तेलासोबत दिलेलं, अतिसूक्ष्म कणांचं, साबणाच्या फेसासारख्या थेंबांत भरलेलं, अशा हरेक प्रकारच्या ‘सातपट’, ‘सत्तावीसपट’, ‘एकशे पंच्याऐंशीपट’ दाव्यांची एकमेकांशी तुलना म्हणूनच करता येत नाही. प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. हे प्रकार बोगस आहेत असं मी म्हणत नाही, काहींमागचं तंत्र खरंच चांगलं आहे. पण दोन बाटल्या हातात घेऊन मोठा आकडा असलेली निवडणं म्हणजे दोन साड्यांतली जास्त किमतीची ती जास्त टिकाऊ समजण्यासारखं.

मिरी नेमकं काय करते? ती कर्क्युमिनला धरून आत नेत नाही. शेपूट जोडणाऱ्या त्या एंझाइमांचे हात ती थोडा वेळ बांधून ठेवते. दाराशी उभ्या रखवालदाराला गप्पांत गुंतवायचं आणि माणूस आत सोडायचा, असला प्रकार. आता रखवालदार गुंतला की फक्त आपलाच माणूस आत जातो का? मागून जो येईल तो जातो. पायपरिनमुळे फिट्सच्या फेनिटॉइनची, रक्तदाबाच्या प्रोप्रानोलॉलची आणि दम्याच्या थिओफायलिनची रक्तातली पातळी वाढते, हे माणसांवरच्या अभ्यासांत दिसलंय. समतोल म्हणून हेही सांगतो की २०१३ मधल्या एका छोट्या चाचणीत निरोगी माणसांना दोनच दिवस कर्क्युमिन-पायपरिन देऊन पॅरासिटामॉलसह तीन औषधं तपासली, तेव्हा काही मोठा फरक दिसला नाही. पण दोन दिवस घेणारा निरोगी तरुण आणि इतक्या गोळ्या रोज खाणाऱ्या आपल्या आई, यांच्यात मला बरंच अंतर दिसतं.

माझा मुद्दा इथं येतो, ताई. हळद हजारो वर्षं खाल्ली तरी कुणाचं बिघडलं नाही, हे खरं. पण का बिघडलं नाही? कारण ती आत फारशी जातच नव्हती. ‘दिवसाला ८ ग्रॅम कर्क्युमिन तीन महिने दिलं तरी सहन झालं’ असा एक अभ्यास कंपन्या दाखवतात. तोही साध्या, न शोषल्या जाणाऱ्या कर्क्युमिनचा. म्हणजे सुरक्षिततेचा दाखला आणायचा न शोषल्या जाणाऱ्या हळदीचा आणि विकायची वीसपट शोषली जाणारी. दोन्ही गोष्टी एकाच बाटलीवर शोभत नाहीत. शोषण वाढवलं की ते औषध झालं, आणि मग त्याला औषधाचेच प्रश्न विचारायला हवेत: किती, किती दिवस, कशासोबत, कुणाला नाही. खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची रोज चालेल अशी मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम मानली जाते. ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. स्वयंपाकातली हळद त्याच्या आत आरामात बसते. तुमच्या भावाने पाठवलेल्या कॅप्सूल रोज दोन घेतल्या तर बसत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो असं म्हणायला आवडलं असतं. सात-आठ वर्षांपूर्वी एक एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, असल्याच कॅप्सूलचा गुळगुळीत आलेख घेऊन आला होता. उंच पिवळा खांब, शेजारी बुटका करडा खांब. माल चांगला खपायला लागला. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला, रिटायर्ड मास्तर, मी स्वतः काउंटरवरून दिल्या. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आणि रक्त पातळ ठेवायला असेनोकुमारॉल चालू, हे मला माहीत होतं, कारण ती गोळीही माझ्याच दुकानातून जायची. विचारायचं सुचलंच नाही. हळदच की! तीन आठवड्यांनी ते आले ते दात घासताना हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून. तपासणी केली तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) बराच वर गेला होता. कॅप्सूल बंद केल्या, त्यांच्या डॉक्टरांनी मात्रा सांभाळली, निभावलं. कॅप्सूलनेच झालं हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या औषध नियामकाने अगदी अशाच घटनेवरून इशारा दिल्याचं नंतर वाचनात आलं. तिथं वॉरफेरिन ही त्याच जातीची गोळी घेणाऱ्या माणसाने हळदीचं उत्पादन सुरू केल्यावर काही आठवड्यांत आयएनआर १० च्या वर गेला होता. तेव्हापासून हळदीची बाटली मागणाऱ्याला मी आधी “बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत?” हे विचारतो. काहींना राग येतो. येऊ दे.

आईंचं अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल हे असेनोकुमारॉलपेक्षा वेगळ्या रीतीने काम करतं, ते रक्तातल्या प्लेटलेटना चिकटू देत नाही. कर्क्युमिनही प्रयोगशाळेत थोडंफार तेच करतं. एकाच कामाला तिसरा माणूस लावायचा का, हा प्रश्न आहे, आणि स्टेंटवाल्या माणसात हा प्रयोग घरी करायचा नसतो. शुगरच्या गोळ्यांचंही तसंच. कर्क्युमिनने साखर किंचित उतरू शकते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर दुपारी जेवण लांबलं की घाम-चक्कर येणाऱ्यांनी जपावं.

बाकीच्या काही लोकांसाठी पटकन सांगून टाकतो, कारण हा प्रश्न तुमच्या एकट्यांचा नाही. पित्ताशयात खडे असतील तर नको. कर्क्युमिन पित्ताशय आकुंचन पावायला लावतं, खडा नळीत अडकला तर रात्री अ‍ॅडमिट व्हावं लागेल. मुतखड्याची सवय असेल तर नको, हळदीत ऑक्झलेट भरपूर असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो, पाणी कमी पडतं, खडे तसेच बनत असतात, त्यात भर नको. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू असलेल्या बायकांनी विशेष लक्ष द्या. कर्क्युमिन लोहाला धरून ठेवतं, आणि जास्त मात्रेत हळदीच्या कॅप्सूल घेणाऱ्या एकाचं लोह यामुळेच खालावल्याची नोंद आहे. ऑपरेशन ठरलं असेल तर किमान दोन आठवडे आधी बंद, आणि भूलतज्ज्ञांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. गरोदरपणात अर्क नको, जेवणातली हळद चालेल.

यकृताचं मात्र थोडं सविस्तर. आपल्याकडे काविळीत हळद बंद करतात, पिवळ्यावर पिवळं नको म्हणून. या समजुतीला मी वर्षानुवर्षं हसायचो. आता थोडं कमी हसतो. औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या गटाने २०२२ मध्ये हळदीच्या उत्पादनांमुळे यकृत बिघडलेल्या १० जणांची माहिती प्रसिद्ध केली. पाच जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं, एक जण दगावला. दहापैकी सात जणांत एकच विशिष्ट जनुक सापडलं, म्हणजे हा धोका सगळ्यांना सारखा नाही, काहींच्या अंगातच तो असतो. कुणाच्या अंगात आहे हे कपाळावर लिहिलेलं नसतं. त्यांच्या ज्या ७ बाटल्या तपासल्या त्या सगळ्यांत हळद निघाली आणि तीन बाटल्यांत मिरीचं पायपरिनही. त्याच वर्षी इटलीने असल्या उत्पादनांवर इशारा छापणं सक्तीचं केलं. हे दुर्मीळ आहे, घाबरून आमटीतली हळद काढू नका. पण कॅप्सूल चालू असताना भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी चहासारखी गडद झाली की कॅप्सूल त्या क्षणी बंद आणि यकृताची रक्ततपासणी. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं आपण म्हणीत ऐकलंय, प्रत्यक्षात ती वेळ नको.

एवढं सगळं ऐकल्यावर गुडघ्याला उपयोग होतो की नाही, हे विचाराल. होतो, थोडा. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये छापलेल्या चाचणीत रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क आणि १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन यांनी चार आठवड्यांत साधारण सारखाच आराम दिला, आणि पोटाचा त्रास हळदवाल्यांना कमी झाला. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात ७० जणांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. त्यात वेदना खोट्या (औषध नसलेल्या) कॅप्सूलपेक्षा कमी झाल्या, पण एमआरआयमध्ये गुडघ्याची सूज तशीच राहिली. म्हणजे दुखणं थोडं बोथट होतं, झिजलेली कूर्चा भरून येत नाही. भावाने पाठवलेल्या जाहिरातीत गुडघ्याच्या आत हिरवंगार काहीतरी उगवताना दाखवलं असेल, तर ते विसरा. पी हळद नि हो गोरी, असं शरीर चालत नाही.

आणि एक मजेशीर उलटी बाजू. मोठ्या आतड्याला सूज येणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये नेहमीच्या मेसालामीनसोबत कर्क्युमिन देऊन २०१५ मध्ये ५० रुग्णांवर चाचणी झाली. महिनाभरात कर्क्युमिनवाल्यांपैकी निम्म्याहून अधिकांचा आजार शांत झाला, खोटी गोळी घेणाऱ्यांत एकाचाही नाही. तिथं कर्क्युमिन रक्तात न जाता आतड्यातच राहिलेलं बरं, कारण दुखणंच तिथं आहे. जखमेवर हळद दाबतो तेव्हाही शोषण कोण विचारतं? त्या जखमेवरच्या हळदीचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दोघांना मिळालं होतं. माशेलकरांच्या काळात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ पुढे ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं. सांगायचं एवढंच की ‘जास्त शोषण म्हणजे जास्त चांगलं’ हे सूत्रच मुळात सरसकट खरं नाही. काम कुठं करायचंय त्यावर ते अवलंबून.

आता हळद-दूध आणि मिरपूड. मिरीत साधारण ५ टक्के पायपरिन असतं. बंगळुरूच्या अभ्यासातले २० मिलिग्रॅम गाठायचे तर ४०० मिलिग्रॅम मिरी, म्हणजे आठ-दहा दाणे एका कपात. ते दूध आई एकदाच पितील. चिमूटभर घातली तर चवीला बरी लागते, घसा मोकळा होतो, पण त्याने कर्क्युमिनच्या पातळीत सांगण्यासारखा फरक पडेल ही अपेक्षा नको, आणि तेवढ्याने गोळ्यांशी भांडणही होणार नाही. दूध मात्र साय असलेलं घ्या, हळद स्निग्धात विरघळते. तेलाच्या फोडणीत हळद घालायची आपली पद्धत या हिशेबानेही बरोबरच आहे. कुकरमध्ये दहा मिनिटं शिजवल्यावर हळदीतलं निम्मं कर्क्युमिन जातं असं म्हैसूरच्या संशोधकांना दिसलं होतं. त्यामुळे कुणाला फारच हिशेब ठेवायचा असेल तर डाळ शिजताना नाही, वरून फोडणीत हळद घाला. मी स्वतः ठेवत नाही.

हळद चांगली मिळवण्यावर मात्र मी जास्त जोर देईन. पॉलिश करताना हळकुंडाला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट चोपडतात, त्यात शिसं असतं. बांगलादेशात हा प्रकार इतका बोकाळला होता की सरकारला धाडी घालाव्या लागल्या. ‘आम्ही हळकुंडं आणून गिरणीतून दळून आणतो’ असं म्हणून निश्चिंत राहू नका, कारण हा रंग अख्ख्या हळकुंडालाच लावतात. चकाकणारं, हाताला पिवळी भुकटी सोडणारं हळकुंड टाळा. मळकट, जरा ओबडधोबड बरं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ओळखीच्या दुकानातून तशी हळद मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या. कॅप्सूलच्या हजार-बाराशे रुपयांपेक्षा ते सत्कारणी लागतील.

आईंना स्टेंट नसता, बाकी गोळ्या नसत्या, आणि तरी घ्यायच्याच असत्या, तर मी पायपरिन नसलेला साधा अर्क किंवा लेसिथिनवाला प्रकार सुचवला असता. जेवणासोबत, रिकाम्या पोटी नाही. आठ आठवडे घ्यायचा, सुरुवातीला जिना चढताना किती दुखतं ते कॅलेंडरवर लिहून ठेवायचं, आठ आठवड्यांनी फरक नसेल तर बंद. नुसतं ‘हळद ५०० मि.ग्रॅ.’ लिहिलेली कॅप्सूल म्हणजे चमच्याच्या सहाव्या हिश्शाइतकी हळद, ती महाग प्लास्टिकच्या डबीतली फोडणी समजायची.

आईंच्या गुडघ्यासाठी सध्या: खुर्चीत बसून पाय सरळ उचलून दहा आकडे धरायचे, दोन्ही पायांनी, दिवसातून तीन वेळा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार उतरतो. खाली मांडी घालून बसणं बंद, देवपूजाही खुर्चीवर. दुखेल तेव्हा डायक्लोफेनॅकचा मलम वरून लावायचा, तोही त्यांच्या डॉक्टरांना विचारून. पोटातून पेनकिलर स्वतःच्या मनाने नको, अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल चालू असताना ती फार महागात पडते.

बाटली फेकू नका. पुढच्या महिन्यात हृदयाच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा पिशवीत टाका, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांसोबत. आधीच मला दाखवायची असेल तर लेबलचा फोटो पाठवा. पुढचा नको, तो मी पाहिलाय. मागच्या बाजूचा, बारीक अक्षरातला पाठवा.